साडेतीनचं ताट

सोमवार, ६ जानेवारी
तीन महिन्यांची शुगर ८.४. सुरभीने पेणहून फोनवर निकाल लावला. एप्रिलात साडेसातच्या खाली आली नाही तर रोह्याच्या घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे. मुलगी आहे की तहसीलदार!
घर सोडणार नाही. वाचनालयातून आहारावरचं जाड पुस्तक आणलं. सातवीच शिकले, पण पुस्तकाला घाबरत नाही. आजपासून रोज लिहायचं.

बुधवार, ८ जानेवारी
पान ४१ पर्यंत आले. सगळा खेळ पोटातल्या हार्मोनचा. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं एक हार्मोन भूक भूक करतं. डाळी, अंडी, मासळी खाल्ली की दुसरी दोन-तीन मेंदूला कळवतात, आता पुरे. नुसत्या भाताने घ्रेलिन पटकन खाली बसतं आणि पटकन उठतं.
म्हणजे दोष माझा नव्हताच. डॉक्टरांना हे आधी सांगायला काय झालं होतं?
नियम: आधी वालाचं बिरडं, मग भाजी. भात शेवटी, दोन घास.

शुक्रवार, १० जानेवारी, दुपारी १
बिरडं वाटीभर, मेथी, भात दोन घास. पोट भरलं. सोपं आहे की.

दुपारी ४
साडेतीनला ह्यांचं ताट वाढलं. धाटावच्या कंपनीची फर्स्ट शिफ्टची बस तेव्हाच नाक्यावर येते. बत्तीस वर्षं ह्यांना त्याच बसने आणलं. हे जाऊन दोन वर्षं होतील, बस येतेच आहे. भात, बिरडं, वर तूप, पापड. वीस मिनिटं ठेवते. मग टाकवत नाही, अन्न आहे. मीच संपवते. पण ते ह्यांचं. या वहीत धरायचं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी
पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणे. वीस मिनिटं मी रोज पाळते, ह्यांच्या ताटासमोर बसून. शिस्तीला कोणी नावं ठेवू नयेत.

बुधवार, ५ फेब्रुवारी
शेजारची मुनीरा डबा परत द्यायला आली, नेमकी पावणेचारला. काय गो, पाव्हना हाय का, म्हणाली. म्हटलं नाय. मग ताट कोनाचं? म्हटलं ह्यांचं. तिने डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, आनि जेवतो कोन?
तिचा नवरा कमरुद्दीन अकरा वर्षं कतारला. वेळेवर कोणाला वाढायची तिची सवयच गेली. तिला काय कळणार.
दारातून वळून विचारलंच तिने, भावजी येवढा भात खात व्हते? व्हय, म्हटलं. खोटं नाही बोलले.

बुधवार, १९ फेब्रुवारी
आज कोलेसिस्टोकायनिन. पाच वेळा लिहून पाठ केलं. तूप-तेल पोटात गेलं की हे हार्मोन सुटतं, अन्न सावकाश पुढे सरकतं, भूक लांबते. म्हणून ह्यांच्या ताटात तूप एक चमचा वाढवलं.

गुरुवार, ६ मार्च
पान ११२. पोट भरल्याचा निरोप आला तरी समोर आवडीचं असलं की माणूस खातच राहतो.
हे म्हणायचे, बस गो, गळ्यापर्यंत आलं. मी म्हणायचे, तुमचं पोट काय कंपनीचा भोंगा आहे, वाजला की सुट्टी? आणि आणखी एक मूद. दर वेळी हसून खायचे. शुगर ह्यांनाही होती. पण गेले ते हार्टने. डॉक्टरांनी तसंच लिहून दिलंय.
ते पान दुमडलं. पुस्तक वाचनालयाचं आहे, दुमडायला नको होतं.

सोमवार, ७ एप्रिल
९.१. लॅबचं मशीन बिघडलेलं असणार.
सुरभी आली. तिला ही वही वाचून दाखवली, फक्त दुपारी एकची जेवणं. सगळं ऐकलं. मग उठून कुकर उघडला. आई, एकटीला दोन वाट्या तांदूळ? म्हटलं, त्यातली एक ह्यांची.
ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, बाबांनापण तू असंच... आणि थांबली. कुकरचं झाकण लावलं. बोलली असती तर भांडता आलं असतं.

शनिवार, १२ एप्रिल, पेण
घराला कुलूप. किल्ली मुनीराकडे. पुस्तक वाचनालयात परत केलं, पान सरळ करून.
सुरभी मापून वाढते. एकच ताट. आधी डाळ, मग भाजी, भात शेवटी. माझेच नियम. मी बस म्हटलं की ती लगेच थांबते.
साडेतीन वाजले. खिडकीखाली गणपतीच्या कारखान्यात पॉलिशपेपर घासत होते. वीस मिनिटं बसून राहिले. भूक लागली नाही.
ते हार्मोन बहुतेक रोह्यालाच राहिलं.