गंधालीची तडजोड आणि मुलीकडचा मी

प्रिय शेखरराव यांस, तात्यापारा, रायपूरहून तुमच्या मेहुण्याचा, श्यामरावाचा नमस्कार. विजयाबाईंचे गुडघे आणि तुमची साखर आटोक्यात असेल असे धरून चालतो. मला झोप नाही.

तुमची भाची गंधाली (पाय लहानपणापासून अधू, जीभ मात्र तुमच्या घराण्याची) हिचे टेबल कंपनीने तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेले. लिफ्ट बंद. कुबडी टेकत चढायला उशीर होई, तर उशिरासाठीच कामावरून काढले. तिने केस केली. मी म्हटले, बाई, मोठ्या लोकांशी काहून भांडून राहिली? ऐकते कोण.

आता कंपनीनेच तडजोडीला नव्या रायपूरला बोलावले. शेखरराव, मी सातवी शिकलेला. दोन पक्ष समोरासमोर बसून देणेघेणे ठरवतात अशी बैठक मला एकच माहीत, लग्नाची. म्हणून टोपी घातली, पेढे नेले, मुलीकडचा म्हणून दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसलो. चहा आला तेव्हा उठून कपबशा मीच फिरवल्या (एक सांडली, साहेबांच्या कागदांवर). त्यांच्या वकिलाने विचारले, "बाबूजी, आप लोग क्या चाहते हैं?" माझ्या तोंडून सवयीने निघाले, "हम तो लड़कीवाले हैं साहब, आप जो ठीक समझें." (थोरल्या दोघींच्या वेळी हेच म्हणालो होतो.) तो लगेच म्हणाला, "देखिए, पिताजी मान गए." गंधालीची वकील स्नेहलताई पेढा तोंडात धरून तशीच राहिली. गंधाली म्हणाली, "बाबा, हे ऑफिस आहे, माझं सासर नाही."

कंपनी म्हणते, पैसे घ्या, पण मर्जीने नोकरी सोडली असे लिहून द्या. गंधालीला नोकरी हवी आणि तळमजल्यावरचे टेबल हवे. सोमवारी शेवटची बोलणी. कोर्टाचे नुसते नाव निघाले की मी ताटावरून उठतो. तुम्ही मामा आहात, मिळते ते घे म्हणून तिला समजवा.

तुमचा,
श्यामराव

ता. क. पत्र बंद करत होतो तर गंधाली येऊन म्हणाली, "करते सही. तुमचे हाल पाहवत नाहीत." माझ्यासाठी करून राहिली पोट्टी. तेव्हा वरचे समजवायचे राहू द्या, ही सही नको.

आणखी एक. सोमवारी तुम्हीच या. तुमच्या विहंगच्या लग्नात मुलाकडचे म्हणून तुम्ही मुलीकडच्यांना चहा तीनदा परत करायला लावला, जेवणाला नावे ठेवली, रुसून गाडीत जाऊन बसलात. तेव्हा मी तुम्हाला पाठीमागे बरेच बोललो. तसेच्या तसे या. मी खाली ऑटोत बसतो.