उलटा चढलेला वाल

२ नोव्हें. रवि.

भात अजून खळ्यावरच. किसनची पाठ धरलीय, झोडणी अर्धी राहिली. दुपारी त्याची पोर आली मुंबईहून, वैशू. काखेत हे एवढं भेंडोळं. मला वाटलं बापाला मलम आणलं असेल. कुठलं. चित्रं.

चिखल्याला कुणा शेठने चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात. त्याला भिंतींवर झाडं पाहिजेत. खरी बाहेर उभी आहेत ती पुरत नाहीत. गोऱ्या साहेबांच्या वेळची जुनी चित्रं, त्यांचे छापे वै.ला दिलेत. बघून मोठी काढायची. सगळी शेंगांची. चिंच, पळस, गुंज, गोकर्ण, खाजकुयली.

"पाहुण्यांना उशाशी खाजकुयली?"
"आजी, चित्राने खाजत नाही."
मला तर बसल्या जागी सुटली.

पडवीत दोरी बांधून तिने चिमट्यांनी सगळी टांगली. चहा पिताना नीट बघितली. वेलाला मुळासकट उपटलंय. मुळं धुतलीत, मातीचा कण नाही. फूल पाकळी पाकळी सुटं केलेलं. शेंग उभी चिरलेली. दाणा फाडून दोन्ही फाकी शेजारी. मेलेल्याला आंघोळ घालून पडवीत निजवतात, तशी सगळी रांग.

खाली साहेबाचं नाव. म्हटलं, साहेब बरा काढायचा. वै. म्हणाली, काढायचा इथलाच कुणी चितारी, साहेब नुसता सांगायचा. त्याचं नाव कुठाय? नाही लिहिलं म्हणे.

३ नोव्हें.

शेवटचं चित्र मांडवाच्या वालाचं. काल तिथवर पोचले नव्हते. आज बघितलं आणि उठून आत गेले.

दाणा तांबडा, त्यावर काळे शिंतोडे, पांढरी कड. हा दाणा या पाड्यात एकाच घरात होता. आमच्या. सविताने माहेरून आणलेला, तलासरीच्या वरच्या अंगाच्या तिच्या गावाहून. सविता माझी सून, वैशूची आई. मागच्या सालच्या पावसाळ्यात तापाने गेली. त्या साहेबाच्या चिताऱ्याला कुणी दिला?

आणि वेल उलटा चढलाय. वाल काठीवर चढतो तो समोरून बघितलं तर डावीकडून उजवीकडे. सगळ्या वालांचं तेच, कुणी शिकवावं लागत नाही. हा उजवीकडून डावीकडे. प्रेताभोवती उलटं फिरतात तसा.

वै. सकाळीच गेली. चित्राचं तोंड मी भिंतीकडे फिरवून ठेवलं.

४ नोव्हें.

टळटळीत दुपार. किसन खळ्यावर, घरात मी एकटी. चुलीशी पळी वाजली. टोपाच्या काठावर दोनदा. टक, टक.

सविता तशी आपटायची. वीस वेळा सांगितलं असेल, टोपाला पोचे पडतात. ऐकेल तर शपथ.

जाऊन बघितलं. मांजर नाही, काही नाही. पळी खिळ्यालाच. नवीन नाही हे. ती गेल्यापासून अधनंमधनं आहेच. किसनला सांगितलं नाही, तो नुसता अंगाऱ्याला पळेल. भगताचं काम नाही. काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. तिचं बी राहिलंय.

६ नोव्हें.

राहिलंय ते असं. आमच्या घरात बाईचं बी बाईचं. आपापलं वाळल्या भोपळ्याचं तुंबं, त्यात बी, राख घालून चुलीवर धुरात टांगायचं. बाई गेली की तिच्या पोटच्या पोरीने ते पेरायचं. पहिल्या शेंगा त्याच पोरीने तोडून, बिनमिठाच्या शिजवून, परसाच्या कडेला पानावर ठेवायच्या. मग बाई जाते. तोवर चुलीपाशी घोटाळते. माझ्या सासूची काकडी नणंदेने पेरली, दोन महिन्यांत घर मोकळं.

सविताला एकच पोर. मागच्या हिवाळ्यात तिची परीक्षा आली. किसन म्हणाला, आये, पोरीच्या डोक्याला हे नको लावूस. नाही लावलं. तुंबं तसंच आहे.

आणि आता हा वाल पडवीत उलटा चढून बसलाय.

९ नोव्हें. रवि.

आज बोंबलले. अजून घसा दुखतोय.

सकाळी कासा बाजारला गेले, मिरच्या न् सुका बोंबील. जीपने परत येते तर चुलीपुढे राख सांडलेली, तुंबं खाली. वैशू पडवीत मांडी घालून. पुढ्यात स्टीलचा वाडगा, वाडग्यात पाणी, पाण्यात सगळं बी. एक दाणा ब्लेडने फाडून कागदावर ठेवलेला, रंग जुळवायला. छाप्यात आतला रंग उडालाय म्हणे, आणि कोरडा दाणा नीट फाटेना म्हणून भिजवले.

"कुणाला विचारून काढलंस?"
"अगं दाणेच आहेत आजी. पुन्हा वाळवू ना."
"भिजलेलं बी वाळवतात? हेच शिकवतात मुंबईला? तुझ्या आयशीचं बी आहे ते. आयशीला फाडून बसलीयेस."

ब्लेड हातातच. तिला माहीत नव्हतं. सांगायचं आईने, आणि गेलेली तीच. मग मी सांगितलं. पळीचंही सांगितलं. बापाला सांगितलं नव्हतं ते. हसेल वाटलं, हसली नाही. म्हणाली, "टोपाच्या काठावर ना? दोनदा?"

धुरातलं बी, दोन पावसाळे झालेलं. भुंग्याने खाल्लेलं सगळं वर तरंगलं. तळाला मूठभरही नाही. भिजलंय म्हणजे आज मातीत गेलंच पाहिजे. परसात विहिरीच्या अंगाला तिच्या हाताने लावलं. फाडलेल्या दोन फाकीसुद्धा तिने मातीत पुरल्या. ते काय उगवणार.

१० नोव्हें.

पळी वाजली. म्हटलं, लावलंय तुझं. आता गप बस.

१९ नोव्हें.

एक उगवला. एकच. बाकी कुजले, उकरून बघितले. शेजारणीची शेळी नेमकी तिथेच आली, हाणली काठी. शेजारीण म्हणते, "म्हातारे, एका मोडासाठी माझी शेळी मारतेस?" म्हटलं, शेळ्या तुला चार आहेत.

बाभळीच्या फांद्या आणून कुंपण केलं. हात ओरबाडले.

३० नोव्हें. रवि.

वै. आली. वेलाला काठी रोवली. शेंडा हवेत नुसता चाचपडतोय, काठी सापडलेली नाही. मी धरून टेकवायला गेले तर म्हणते, आजी, आपणहून धरू दे. तिला बघायचंय कुठल्या बाजूने जातो.

उलट्या वेलाचं तिला विचारलं. तिला ठाऊकच होतं. पूर्वी हे चित्र दगडावर नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर करायचे, त्याचा छाप कागदावर उलटा उठतो, डावं ते उजवं. कुणाच्या ध्यानात आलं नाही, तसंच पुस्तकात गेलं. "चिताऱ्याने बरोबरच काढलं असेल गं. छापताना फिरलं."

मेला बिचारा. नाव नाही, आणि काढलेलंही उलटं.

"मग तू भिंतीवर सुलट काढ."
"शेठने जसंच्या तसं सांगितलंय."
"शेठला काय कळतंय?"
"शेठच्या पाहुण्यांना कळतं. ते छापा घेऊन बघतात."
"त्या वेलाखाली माणसं निजणार, पोरी."
"आजी, तो दगडाचा छाप आहे!"
"तुझ्यासाठी दगडाचा."

न जेवता गेली. तिच्या वाटणीची कोळंबी किसनने खाल्ली, पाठ दुखत असताना.

१४ डिसें. रवि.

चिखल्याला नेलं मला, रिक्षाने. वै.ला वाटलं डोळ्यांनी बघितलं की भूत जाईल. खोल्या गारगार, समुद्राचा आवाज. प्रत्येक भिंतीवर एक झाड, माणसापेक्षा उंच. पोरीचा हात आहे खरा. पळस तर पेटलेला. तोंडावर सांगितलं नाही, चढेल.

शेठ आला. "आवो आवो मासी. तुम्ही पण काढता का ते काड्यांची माणसं? एक भिंत खाली आहे."
"मी भाकऱ्या काढते. खालीच आहेत का तुमची पोटं?"
हसला. वाईट माणूस नाही.

शेवटच्या खोलीत वाल. पलंगाच्या डोक्याशी. उलटाच. मुळं धुतलेली, प्रत्येक केस सुटा. तांबडा दाणा माझ्या तळव्याएवढा, फाडलेला. आतला रंग अगदी खरा, कारण तो सविताच्याच दाण्याचा.

बराच वेळ बघत उभी राहिले. हा वेल कधीचा मेलाय. माझी आय जन्मायच्याही आधी. तरी फुलंय, तरी शेंग आहे. त्याला उपटला, धुतला, फाडला, आणि मग जाऊच दिला नाही.

परत येताना वै. म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, वारा बाधला.

२१ डिसें.

परसातला सुलट चढलाय. डावीकडून उजवीकडे. वै.ला फोनवर सांगितलं. "बघ!" म्हणाली, जणू तिनेच फिरवला.

११ जाने. रवि.

जांभळी फुलं. दोन तुरे. दिवसाढवळ्या सगळं पडवीतून दिसतं. तिथेच बसून मी हे लिहिते.

अक्षरं मला सविताने शिकवली. बायकांचा साक्षरतेचा वर्ग होता, मी मागे बसून डुलक्या घ्यायची. मग ही घरी चुलीपुढे राख पसरून त्यात बोटाने गिरवायला लावायची. माझा 'क्ष' बघून हसायची. "आत्याबाई, हा क्ष आहे की खेकडा?" मी म्हणायची, तुझ्या बापाने काढलाय का मोठा.

भांडायला बरी होती.

आज पळी नाही वाजली. काल पण नाही. सारखी त्या खिळ्याकडे नजर जाते.

१ फेब्रु. रवि.

शेंगा धरल्या. चपट्या, कडेला जांभळी रेघ. पळी पुन्हा सुरू झाली. वाजली तेव्हा हातातलं पीठ सांडलं, इतकी मी... जाऊ दे.

किसन वेलापाशी उभा होता. आज प्रथमच विचारलंन, "आये, हे सवीचं?" त्याला कुणी सांगितलं? वैशूने, दुसरं कोण. म्हणाला, "मग ठेवून टाका एकदाचं. तिला किती दिवस अडकवायचं?"

बरोबर आहे त्याचं. दीड वर्ष मी हेच म्हणत्येय.

१५ फेब्रु. रवि.

शेंगा भरल्या. पान धुऊन ठेवलं, टोप काढला. वै. सकाळी आली ती कागद, रंग, पाट घेऊन.

"आजी, तोडायच्या आधी काढू दे."
"फोटो काढ आणि तोड."
"फोटो नको. त्या साहेबासारखं काढते. वेल, फूल, शेंग, सगळं."
"मुळं धरून उपटणार तू?"
वेलाच्या बुडाची माती बोटाने चाचपली. मग म्हणाली, "नाही. मुळं मातीत आहेत तशी. माती काढेन. दाणा पण नाही फाडणार, तो फाडून झालाय."

बसली. मी शेळीवर नजर ठेवून. उन्हं कलली तरी एक पान आणि काठीचा तुकडा. माती काढायलाच अर्धा दिवस गेला तिचा, म्हणे मातीला रंग फार असतात. किसन आत-बाहेर करतोय. "वैशू, शेंग जून होईल. उद्यावर नको टाकूस."
"बाबा, पुढच्या रविवारी नक्की."
"चित्र आधी की आई आधी?"
ती कुंचला धूत बसली.

कागद बघितला. वेल सुलट आहे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तिने आपलं नाव लिहिलंय, आणि त्याच्यावर आईचं.

२२ फेब्रु. रवि.

खालच्या शेंगा वाळायला लागल्या. वरच्या दोन अजून चालतील. त्याही गेल्या की राहिलंच, पुन्हा बी, पुन्हा पुढचं साल. मी असेन-नसेन. किसन सकाळी माझ्यावरच घसरला, "आये, तू का बोलत नाहीस तिला? एरवी तुझं तोंड कुणाला आवरतं?"

बोलणार होते. पडवीच्या पायरीपर्यंत गेलेही. वै. पाठमोरी बसलेली, मान खाली, जीभ दातांत धरून. फुलाचा तुरा अर्धा झालाय. मला बघून म्हणाली, "अजून थोडंच गं. घाई झालीय का तुला?"

"काढ," म्हटलं. "नीट काढ."

आत आले, पीठ मळायला घेतलं. पाठीमागे पळी वाजली. टक, टक. वळून नाही बघितलं. म्हटलं, बस जरा. तुझी पोर अजून काढत्येय.