एकट्याची खोली

अहो,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही.

डच शिकतो ते आपल्या मांद्र्याच्या गेस्टहाउसातल्या पाहुण्यांसाठी, असं तुम्ही म्हणता. मग टॉवेल, चावी, न्याहारी हे शब्द का नाहीत तुमच्या तोंडी? तुम्ही घोकता, ‘मला एकट्यासाठी खोली हवी आहे.’ पुस्तकात खाली इंग्रजी असतं, आणि मला ते वाचता येतं. गोवेकरांना आजोबांच्या जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो आणि त्यावर हॉलंडात राहता येतं, हे तुम्हीच सांगितलंत; त्यासाठी कागदही तुम्ही फक्त स्वतःचेच पाठवलेत.

डचमध्ये क्रियापद पुष्कळदा शेवटी जातं, इंग्रजीवाल्यांना ते जड, आपल्याला सोपं, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून मीही एक वाक्य पाठ केलं, ‘मला तुमच्याबरोबर यायचंय.’ काल भातावर माशाचं हुमण वाढताना म्हणून दाखवलं.

तुम्ही माझा उच्चार तेवढा सुधारलात आणि जेवत राहिलात.

अजून तरी तुमचीच,
विनिता