दोन पट्ट्यांच्या मधे

न्यू ऑर्लिन्स,
१२ नोव्हेंबर १९३६

प्रिय ओफेलिया,

तुला, लायनेलला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी मिळालं. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण देवळात मिसेला चालत जाता येतं. इथे अजून थंडी नाही. सर्व संतांच्या दिवसासाठी लोकांनी कबरींना चुना दिला होता, तो अजून पांढराशुभ्र आहे. तुझ्या वडिलांना त्या पांढऱ्यातच ठेवून आलो.

शनिवारचं सगळं कळवा, असं तू लिहिलं आहेस. सुटी मिळाली नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. दोनशेच्या वर माणसं होती. त्याच्या मदत मंडळाने शब्द पाळला, पूर्ण बँड लावला. जाताना शोकाच्या चाली, पावलं मोजत. मातीआड केल्यावर ढोलावरचं आवाज दाबणारं फडकं काढलं आणि मंडळी नाचत परतली, छत्र्या, रुमाल, सगळं रीतीप्रमाणे. मी दोन्ही वेळा मागून चालत होते. मला रडू आलं नाही. घरी आल्यावर बूट पुसले आणि सोमवारसाठी राजमा निवडत बसले. तो सोमवारी शिजवला. अजूनही रडू आलेलं नाही.

परतताना त्यांनी तुझ्या वडिलांची, हायरामची, ‘कोळसा आला’ ही चाल वाजवली. आता सगळी पोरं सुरांचा कागद वाचून वाजवतात, त्यामुळे एकाचाही सूर हलला नाही. लोक म्हणाले, वा! म्हातारा सायरस, आमच्या जुन्या बँडमधला ढोलवाला, माझ्या शेजारी काठी टेकत चालला होता. म्हणाला, “मॅमझेल, नक्की कोणाला पुरून आलो आपण? हायरामच्या मयताला हे कोणाचं गाणं?”

“त्याचंच आहे, सायरस.”

“मग मी अगदीच बहिरा झालो म्हणायचं.”

“मूळ कसं होतं, गुणगुणून दाखव.”

तो थोडं गुणगुणला आणि थांबला. “नाही येत बुवा. हे नव्हे, एवढंच येतं.”

आता तू मागितलेल्या गोष्टीकडे येते. लायनेल पुढच्या महिन्यात आपल्या बँडकडून ही चाल ग्रामोफोनच्या तबकडीवर घेणार आहे आणि तुम्हाला मी लिहिलेलं मूळ पान हवं आहे, कारण छापलेल्यात चुका असतील. छापलेल्यात एकही चूक नाही, पोरी. ते माझ्या पानाबरहुकूम आहे. पान मी पाठवत नाही. का, ते चार दिवस लिहीन लिहीन म्हणते आहे.

तू सहा वर्षांची होतीस, १९१० साल. तेव्हा या वाजवण्याला नाव नव्हतं. कोणी रॅगटाइम म्हणे, माझा भाऊ आर्मां ‘वरच्या वस्तीतला गोंगाट’ म्हणे. आता सगळे जॅझ म्हणतात. आर्मांचा बँड होता, तो व्हायोलिन वाजवी, मी पियानोवर. आम्ही कॅनाल रस्त्याच्या खालचे लोक, फ्रेंच बोलणारे, कागद वाचणारे. पण तळ्याकाठच्या सहलींत लोकांना नाचायला तो गोंगाटच लागे. म्हणून आर्मांने तुझ्या वडिलांना घेतलं. वरच्या वस्तीतला हायराम कोळशाची गाडी हाकायचा आणि कॉर्नेट असं फुंकायचा की तळलेला मासा हातात धरून माणसं उभी राहत. कागदावरचं त्याला एक अक्षर येत नव्हतं.

‘कोळसा आला’ ही त्याची गाडीवरची हाळीच. मधे एक लांब सूर होता, तो निघाल्यावर अर्ध्यात खाली बसायचा, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. आर्मां म्हणाला, “क्लो, ही कागदावर उतरव, म्हणजे सगळ्यांना वाजवता येईल.” मग दर मंगळवारी दुपारी हायराम आमच्या मागच्या पायरीवर बसे आणि मी खिडकीपाशी पियानोवर. माझ्या कपड्यांना कोळसा आहे, मी बाहेरच बरा, असं तो म्हणे. खरं तर आम्ही त्याला कधी आत बोलावलं नाही. निमित्त त्यानेच दिलं, मी ते घेतलं.

“हा सूर परत वाजव. वरचा आहे की खालचा?”

“मधला.”

“दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतं, हायराम.”

“मग मी आत्ता वाजवलं ते काय, मॅमझेल? कोंबडी?”

मला हसू आवरेना. तोही हसला. ते मंगळवार मला सगळे आठवतात. कशाबद्दल बोललो ते फारसं नाही, खिडकीच्या झडपेतून त्याच्या टोपीवर ऊन कुठपर्यंत यायचं ते आठवतं.

आणि मी वरचा सूर लिहिला. आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवणाऱ्या मदर सेराफीन म्हणायच्या, पान असं लिहावं की देवदूताला चष्मा न लागता वाचता यावं. त्यांच्यावर माझा फार जीव होता. मी पान स्वच्छ लिहिलं. तो ठोक्याच्या जरा मागून यायचा, तेही ठोक्यावर आणलं. मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार करते आहे. वर ठळक अक्षरांत ‘हायराम पिकेट’ असं त्याचं नाव घातलं. तेव्हा नाव त्याचंच आहे, चोरी झालेली नाही. नावाखालची चाल मात्र माझी आहे.

पुढे एका मोठ्या हॉटेलचं काम आलं. गुरुवारी आर्मांच्या बैठकीच्या खोलीत तालीम होती. सगळ्यांपुढे माझं पान. लांब सुराला हायरामचा सूर खाली बसला आणि बाकीच्यांचा वर राहिला. कानाला ते वाईट लागलं. आर्मांने तीनदा थांबवलं.

“पिकेट, कागदाप्रमाणे वाजव.”

“मी चाल केली तेव्हा कागद कुठे होता, साहेब?”

सगळे हसले. आर्मां हसला नाही. “क्लो, कागदावर काय आहे?”

“वरचा सूर.”

“मग चूक कोणाची?”

ओफेलिया, मी पट्ट्यांकडे बघत होते. ‘मी लिहिताना बदललं’, एवढंच वाक्य बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, “कागद बरोबर आहे.”

हायरामने कॉर्नेटचं तोंड सदऱ्याला पुसलं. “बरं, मॅमझेल. स्वतःची चाल न येणारा माणूस बँडला काय कामाचा?” आणि टोपी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी आमच्या भागातला वाचणारा मुलगा आला.

दात गेले म्हणून बाबांनी कॉर्नेट सोडलं, असं आईने तुला सांगितलं असेल. दात नंतर गेले. तुझी आई तुला घेऊन शिकागोला गेली, तोवर त्याच्याकडे फक्त कोळशाची गाडी उरली होती.

सव्वीस वर्षं मी त्याच्याकडूनच कोळसा घेतला. घरात गॅस आला तरी घेत राहिले, परसात अजून ढीग आहे. तो म्हणे, “किती टाकू, मॅमझेल?” मी म्हणे, “नेहमीएवढा.” यापलीकडे आमचं बोलणं झालं नाही. त्याने कधी विषय काढला नाही. मी काढायला हवा होता.

तबकडी निघाली की तीच खरी होईल. तेव्हा लायनेलला सांग, कागद वापरू नका, छापलेलाही नाही. तो सूर मला लिहिता येत नाही, पियानोवरही दाखवता येत नाही. गळ्यातून दाखवावा लागेल. देवळाबाहेर मी कधी गायलेले नाही. आज सकाळी परसात उभं राहून प्रयत्न केला. सहा वेळा गळा सवयीने वरच्या सुरावर जाऊन बसला, अगदी स्वच्छ. सातव्या वेळी खाली बसला. बरोबर बसला असं मला वाटतं. हो म्हणणारा माणूस आता नाही.

मंगळवारच्या गाडीने, आपल्या काळ्या लोकांच्या वेगळ्या डब्यातून, मी निघते आहे. गुरुवारी सकाळी तुझ्या दारात असेन. हे वाचून मला घरात घ्यावंसं वाटलं नाही, तर तसं सांग. मी पायरीवरून गाऊन दाखवीन. लायनेलच्या कॉर्नेटवाल्याला तेवढं बोलावून ठेव. मला जमेपर्यंत आणि त्याला सापडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

तुझ्या वडिलांना चूक ठरवणारी,
क्लोतिल्द