गोळी नळीतच राहिली

ट्रेगो, मोंटाना
४ एप्रिल २०१३

प्रिय ऑरिनदादास,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे, मधमाश्या मात्र बऱ्या नाहीत. मंगळवारी कुंपणाची बॅटरी संपली ते अस्वलाने बरोबर हेरलं आणि तीन पेट्या फोडून मध, मेण, अळ्या सगळं फस्त केलं. काल मी पेट्या सावरत होते तर ते वीस पावलांवर उभं. मिरचीचा फवारा हातात होता, पण वारा माझ्याच तोंडावर येत होता. मी मागे मागे सरत ट्रकमध्ये जाऊन बसले. व्हर्ल गेल्यापासून नवऱ्याची ती रायफल माझ्याने उचलवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

युरेका गावच्या बंदुकांच्या दुकानातल्या ग्वेनने दोन दाखवली. एक चपटं, एकाच मापाची काडतुसं घेणारं, पण त्याला जन्मभराची वॉरंटी. दुसरं रिव्हॉल्व्हर. त्यात अस्वलासाठीची जोरकस काडतुसंही बसतात आणि सरावाची हलकीही. गोळ्यांचं चाक बदललं की तिसऱ्या मापाचीही. मात्र वॉरंटी एकच वर्ष, आणि घरी भरलेली काडतुसं उडवली तर तीही रद्द. ग्वेन म्हणाली, हिवाळ्यापासून काडतुसांच्या फळ्या रिकाम्या आहेत, माणशी एक डबा मिळतो, तोही कुठल्या मापाचा येईल कोण जाणे. तिन्ही खाणारं हत्यार उपाशी राहत नाही. मग तीच म्हणाली, पण बिघडलं तर निस्तरणार कोण? मला दोन्ही पटलं. काहीच न घेता घरी आले.

तू काय म्हणतोस? उत्तराची वाट बघते. अंडी कमी खा.

तुझी,
मार्लिस


माइल्स सिटी
१० एप्रिल

चि. मार्लिस हिला अनेक आशीर्वाद.

तुझ्या खणात चौऱ्याऐंशी सालच्या टोस्टरच्या वॉरंटीचा कागद अजून आहे, टोस्टर मात्र कधीच गेला. यावरून काय ते समज. कागद अस्वलाला दाखवता येत नाही. रिव्हॉल्व्हर घे. चाप ओढला की चालतं इतकं साधं यंत्र आहे ते.

सरावाची काडतुसं मी भरून देतो. दारू नेहमीपेक्षा कमी घालीन, म्हणजे तुझ्या दुखऱ्या बोटांना धक्का बसणार नाही. चाळीस वर्षं भरतोय, एकही वाया गेलेलं नाही. कंपनीला कळणार कसं? आपण सांगितलं तर ना. शेजारचा क्लिंट तिकडे गुरांच्या लिलावाला येतोय, त्याच्या हाती पन्नास पाठवतो. दोन्ही हातांनी धर, आणि अस्वल आलं तर आधी फवारा, मग पिस्तूल, हे विसरू नकोस.

इकडे सगळं ठीक. घाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तुझा भाऊ,
ऑरिन


ट्रेगो
२९ एप्रिल

प्रिय दादास, सा. न.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे, दहाही बोटं जागच्या जागी आहेत. आता बाकीचं.

रिव्हॉल्व्हर घेतलं. शनिवारी खाणीच्या खड्ड्यात सरावाला गेले. सहा गोळ्या छान गेल्या, हात मुळीच दुखला नाही, तुझं कौतुक केलं. सातव्याला नुसता फुस्स आवाज झाला, सोड्याची बाटली उघडावी तसा. धक्का नाही, समोर मातीही उडाली नाही. बोट पुन्हा चापावर गेलंच होतं. पण आवाज वेगळा आला तर थांबायचं, असं ग्वेनने विकताना बजावलं होतं. थांबले. काडतुसं काढून पाहिलं तर गोळी नळीतच अडकलेली. तसंच उचलून दुकानात नेलं. मागून आणखी एक सोडली असती तर नळी माझ्या हातातच फुटली असती, असं ग्वेन म्हणाली. पितळी दांड्याने ठोकून तिनेच ती काढली. नळीला काही झालेलं नाही.

मग तिने उरलेली त्रेचाळीस उघडली. दोनांत दारूच नव्हती. एकात दुप्पट होती. टेबलावर तिने तीन वाटे वेगळे ठेवले: रिकामी, दुप्पट आणि बरी.

कंपनीला मी खरं काय ते कळवलं आणि रिव्हॉल्व्हर तपासायला पाठवलं. वॉरंटी जाईल, जाऊ दे. हत्यार तपासून घेतलेलं बरं. पण दादा, तुझ्या मागच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मी हसले नाही. तुला नीट दिसतं का, एवढंच सांग. रागावले नाहीये.

तुझी,
मार्लिस


माइल्स सिटी
९ मे

चि. मार्लिस हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून रात्री झोप नाही, अंथरुणावर नुसता पडून असतो. डोळे मिटले की ती दुप्पट दारू दिसते, तुझे हात दिसतात.

नाही, नीट दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी डावा धूसर झाला, मग उजवा. तराजूचा काटा अंदाजाने वाचत होतो. कुणाला सांगितलं नाही, कारण आपले बाबा आठवत होते. सत्तरीत त्यांनाही असंच आधी धूसर दिसायला लागलं, मग काही उपाय नाही म्हणून डॉक्टरांनी हात झाडले, आणि मग नऊ वर्षं खिडकीशी खुर्ची. मला वाटलं, तेच आलं. रोगाचं नाव कळलं नाही तोवर तो आलेला नाही, असं स्वतःला समजावत होतो. त्यापायी तुझा हात गेला असता. काडतुसं भरायचं यंत्र सोडवून क्लिंटला दिलं. किती पैसे द्यायचे असं तो विचारत होता, मी दार लावून घेतलं.

सोमवारी त्यानेच मला बिलिंग्सला नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तासभर दिवे मारून म्हणाली, वडिलांना होतं ते हे नव्हे. मोतीबिंदू आहे, दोन्हीत, पिकलेला, आणि इतके दिवस काय करत होतात? मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिनेही न कंटाळता सांगितलं. बाहेर येऊन ट्रकमध्ये रडलो. क्लिंट रेडिओचं बटण फिरवत बसला, भला माणूस.

चुकलो, मार्लिस. आणखी काय लिहू.

ऑरिन


ट्रेगो
१६ मे

प्रिय दादास, सा. न.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं, मग पायरीवर बसून दुसऱ्यांदा. मोतीबिंदूसारखा गोड शब्द मी आजवर ऐकलेला नाही. दोन वर्षं एकट्याने ते भय उराशी घेऊन बसलास, त्याबद्दल भेटशील तेव्हा बोलून घेईन. काडतुसांबद्दल नाही बोलणार, ते झालं.

रिव्हॉल्व्हर परत आलं, सोबत कंपनीचं उत्तर. तपासलं, शाबूत आहे, वापरायला हरकत नाही. मात्र यापुढे वॉरंटी नाही. खाली कुणीतरी पेनने लिहिलंय की, खरं सांगितल्याबद्दल आभार. ग्वेनने आता कारखान्याची हलकी काडतुसं आली की डबा माझ्यासाठी बाजूला ठेवायचं कबूल केलंय. मागच्या खेपेला हवं ते माप नव्हतं, तिसरंच होतं. चाक बदललं आणि तेच चालवलं. तेव्हा निवड तू सांगितलीस ती बरोबरच होती.

कुंपणाला सौर बॅटरी बसवली. अस्वल सोमवारी येऊन नाकाला झटका खाऊन गेलं. कमरेचं हत्यार काढावं लागलं नाही, पण ते होतं म्हणून मी पेट्यांपाशी उभी राहिले, ट्रककडे पळाले नाही.

ऑपरेशन झालं की डोळ्यांत वेळेवर थेंब घाल. माया अशीच राहू दे.

तुझी,
मार्लिस


माइल्स सिटी
१२ जून

चि. मार्लिस हिला अनेक आशीर्वाद.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात. अक्षर बघ, ओळी आपापल्या जागी आहेत.

सकाळी पट्टी काढली तेव्हा नर्सने विचारलं, काय दिसतंय? मी म्हणालो, भिंतीवरचं घड्याळ. ती म्हणाली, किती वाजले सांगा. मी म्हणालो, थांबा जरा. सेकंदाची बारीक लाल सुई दिसत होती, एकेक रेघ ओलांडत चाललेली. पूर्ण फेरी होईपर्यंत मी बघत बसलो. तिला पुढचा पेशंट घ्यायचा होता, तरी तीही थांबली.

तुझा,
ऑरिन