पाळणाघराची शिल्लक

४ ऑगस्ट
वस्तीतल्या पाळणाघराच्या कमिटीवर मला खजिनदार केलं. घरकाम, लाँड्री, हॉटेल अशा कामांवर जाणाऱ्या बायका दिवसभर मुलं तिथे ठेवतात. एका मोठ्या फाउंडेशनने वर्षभराचा खर्च दिलाय. माझं नाव जाऊबाईंनी सुचवलं, त्या अध्यक्ष आहेत. म्हणाल्या, हिच्या हातून पैसा सुटत नाही. लग्नानंतर प्रथमच त्यांनी माझं कौतुक केलं. मी मॅट्रिक असले तरी हिशेबात भल्याभल्यांना हार जाणार नाही, असं मीटिंगमध्ये नम्रपणे सांगितलं.
संकल्प दोन. दुसऱ्याचा पैसा म्हणजे देवाचा पैसा, तो वाया जाऊ द्यायचा नाही. आणि अहंकार सोडायचा. दुसरा आजच पुरा झाला.

९ ऑगस्ट
पाळणाघर पाहून आले. मुलं सांभाळणाऱ्या ताईंनी सगळं दाखवलं. फाउंडेशनने नव्या गाद्या, रंगीत खडू, एक मदतनीस आणि संध्याकाळी सातपर्यंत पाळणाघर उघडं ठेवायचा खर्च मंजूर केलाय. मंजूर असला म्हणून काय झालं? घरात साखर आहे म्हणून कुणी बकाणे भरत नाही.
खडूंचे दोन-दोन तुकडे केले. मुलांची त्यावरून भांडणं झाली. म्हणजे उत्साह वाढला.

२१ ऑगस्ट
मदतनीस नेमायची नाही. आठवड्यातून दोन दिवस मीच जाईन, फुकट. ताईंना सांगितलं तर त्यांनी कोपरापासून हात जोडले. आनंद झाला की माणसाचे हात आपोआप जुळतात.

२६ ऑगस्ट
गेले. गुडघा धरला. एका मुलाने माझा चष्मा दुधात बुडवून पाहिला.
देवाने प्रत्येकाला वेगळी सेवा दिली आहे. माझी हिशेबाची.

११ सप्टेंबर
पाळणाघर पाचला बंद करायचं ठरवलं. वीज वाचेल, ताईंचा जादा पगार वाचेल. ताई म्हणाल्या, मुलांच्या आया सातला सुटतात. मी म्हटलं, दोन तासांचा तर प्रश्न, शेजारीपाजारी बघतील की. त्यांनी विचारलं, कुठले शेजारी? शेजाऱ्यांचा विषय पुढच्या मीटिंगला ठेवला.

१५ सप्टेंबर
पाळणाघरातल्या मुंगीची आई दारात. लाँड्रीत इस्त्री करते. मुंगीचं खरं नाव वेगळं आहे, पण तिची आईसुद्धा मुंगीच म्हणते. मालकाने आईला सांगितलंय, सातच्या आधी निघालीस तर उद्यापासून येऊ नकोस. बाई रडली नाही. रडली असती तर समजूत काढून वाटेला लावता आलं असतं.
शेवटी म्हटलं, संध्याकाळी सोड माझ्याकडे. दोन-चार दिवस. पाळणाघराच्या पैशाला हात न लावता प्रश्न सुटला.

३ ऑक्टोबर
मुंगी अजून येते. अंगापेक्षा खाणं जास्त. ह्यांनी विचारलं, दूध का वाढलं? मी म्हटलं, हा घरखर्च आहे, पाळणाघराचा नाही, म्हणजे तो वाचलाच. ह्यांना हिशेब कधीच कळला नाही.
मी प्रार्थनेला बसले की मुंगी शेजारी डोळे मिटून बसते आणि मधूनच एक डोळा उघडून बघते. मला हे कसं कळलं ते इथे लिहायची गरज नाही.

२० नोव्हेंबर
मुंगीने बातमी आणली की तिच्या दोन मैत्रिणी रोज बंद पाळणाघराच्या पायरीवर आयांची वाट बघत बसतात. थंडी वाढलीय. जाऊन घेऊन आले. आता तिघी. अर्थात तात्पुरतं.
एरवी पेपरातून मान वर न काढणारे हे आज घोडा होऊन घरभर फिरले. रात्री कंबरेला मलम. तेही घरखर्चात.

१० जानेवारी
ताई पुन्हा आल्या. सातपर्यंत उघडं ठेवूया, पैसे नुसते पडून आहेत, म्हणाल्या. पडून नाहीत, शिल्लक आहेत. वर्षअखेरीला एवढी शिल्लक पाहिली की फाउंडेशन खूश होऊन दुप्पट देईल, मग रात्री दहापर्यंत उघडं ठेवा, असं मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, फाउंडेशनचं तसं नसतं हो. शिकलेल्या माणसांना फार शंका असतात.

२८ मार्च
फाउंडेशनच्या मॅडम आल्या. आमच्या धाकटीच्या वयाच्या. मी हिशेब पुढे ठेवला. अर्ध्याहून जास्त रक्कम शिल्लक! त्यांनी कागद उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "काकू, हे पैसे वाचवायला नव्हते दिले. मुलांवर खर्च करायला दिले होते."
शिल्लक परत करायची म्हणे. आणि यंदा जेवढे लागले, पुढच्या वर्षीही तेवढेच मिळणार.
पण मी डगमगले नाही. सांगितलं, संध्याकाळी मुलं माझ्या घरी असतात, त्याचा एक पैसाही लावला नाही. मॅडमचा चेहरा खुलला. लगेच लिहून घेतलं. बाजी मारली, असं मला वाटलं. ताईंनी मात्र कपाळाला हात लावला. त्यांचं डोकं दुखत असावं.

१९ एप्रिल
जाऊबाईंचा फोन. संध्याकाळचा खर्च फाउंडेशनने कायमचा काढून टाकला. मॅडमनी आमची बाजू मांडली, पण वरच्यांचं म्हणणं, तिथल्या लोकांनी स्वतःच सोय केलीय तर पैसे कशाला? आमच्या सोयीचं ते आता जागोजागी उदाहरण देणार आहेत. मी म्हटलं, बघा, कौतुकच झालं ना. जाऊबाई म्हणाल्या, "झालं हो. आता निस्तर."

५ मे, संध्याकाळी
बाकीच्या आया इतके दिवस कशीबशी सोय करत होत्या; संध्याकाळी मुलं माझ्याकडे राहतात हे आता त्यांनाही कळलं. पाच वाजता ताई मुलांची रांग घेऊनच दारात. मुंगी सगळ्यांना घर दाखवत फिरली, आमचं कपाटसुद्धा. परत कुणाला पाठवणार? आया सातपर्यंत कामावर. घ्या आत, म्हटलं.
जाऊबाईंना फोन लावला. इथे एक मदतनीस हवी, दूध हवं, दोन गाद्या हव्यात, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, खजिनदाराला विचार.
ह्यांच्या पाठीवर दोघं बसलीत, तिसरा चढतोय. खालून विचारताहेत, सात वाजले का?
सव्वापाच झालेत.