राडारोडा जातो कुठे

बाबा, समोरची जुनी इमारत पाडतायत. तुम्ही असतात तर ओटीवर खुर्ची टाकून पहिल्याच दिवशी मुकादमाशी भांडला असतात. मी भांडलो नाही, संशय घेतला. कॉन्ट्रॅक्टर गोडबोल्या आहे. "अंकल, सारा डेब्रिज रिसायकलिंग प्लांट पे जाता है, पावती है ना," म्हणत रोज एक पावती नाचवतो. डंपर धुळीने माखलेला आणि पावती कोरी करकरीत, हे मला काही पटत नाही. गेल्या आठवड्यात महापालिकेत तक्रार देऊन आलो.

तुम्ही मिठागर सोडून गवंडीकाम धरलंत, तेव्हाचं मोरव्यातलं आपलं हे स्वयंपाकघर आठवतं. दुसऱ्यांच्या तोडकामातून निघालेल्या हिरव्या लाद्या आणून तुम्ही आईच्या ओट्याला लावताय. मी दहाएक वर्षांचा, हातात हातोडी. एक लादी तिरकी बसली म्हणून ती फोडायला गेलो, तर पाठीत धपाटा. "फोरू नको रं, कार! फोराला काय, येरा बी फोरतं." फोडायला वेडाही फोडतो, लादी काढायची असते, हे मी तेव्हा शिकलो. तुम्ही लादीखाली सिमेंट कमी, वाळू जास्त घालायचात. का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "उद्या कारनाऱ्यानं शिव्या न्हाय दिल्या पायजेत." आणि बसवण्याआधी प्रत्येक लादीच्या पाठीवर खिळ्याने दोन रेघा ओढायचात. कशासाठी, ते कधी सांगितलं नाहीत. मला ती तुमची सहीच वाटायची.

परवा सकाळी रिक्षा केली आणि डंपरच्या मागे लागलो. काशीमीऱ्याच्या गर्दीत तो हुकला. पण संशयाला रस्ता लागत नाही. मी रिक्षा सरळ खाडीकडे, तुमच्या मिठागराकडे वळवायला लावली. तिथे तिवरांच्या मुळांवर विटा, सिमेंटची ढेकळं, फुटक्या कमोडचे तुकडे ओतलेले. जिथे तुम्ही पाय फुटेस्तोवर मीठ ओढलंत, तिथे. राग आला, आणि खरं सांगतो, आनंदही झाला. सापडला चोर! मी फोटो काढले. समोरच्या इमारतीची एखादी खूण मिळावी म्हणून काठीने ढीग उकरायला लागलो.

हिरवी लादी निघाली, अर्धी फुटलेली. उलटी केली तर मागे दोन रेघा.

तीन वर्षांपूर्वी सून घरात येणार म्हणून मी ओटा ग्रॅनाइटचा करून घेतला. गवंड्याने घणाने लाद्या फोडल्या. त्या हातानेसुद्धा निघाल्या असत्या, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी बाहेर बसून चहा पीत होतो. त्याने विचारलं, "काका, हा माल कुठे टाकू?" मी म्हटलं, "तू बघ कुठे ते, मला सांगू नकोस."

माझे फोटो बघून उद्या महापालिकेचा माणूस खाडीवर पाहणीला येणार आहे. समोरचा डंपर खरंच कुठे रिकामा होतो, ते मला अजून ठाऊक नाही. कॉन्ट्रॅक्टरवर माझा आजही काडीचा विश्वास नाही. पण उद्या त्या माणसाने विचारलं, की इथे आणखी कुणाकुणाचा माल पडलाय, तर काय सांगणार, ते ठरत नाही. हे पत्र कुठे ठेवायचं तेही ठरत नाही. घरात कुणाच्या हाती लागायला नको. लादी मात्र मी पिशवीत घालून घरी आणली आहे. उद्या ती तिथे कुणाला सापडू नये म्हणून.